तिघांचा कूलर

पारा सेहेचाळीसवर असताना
आम्ही तिघांनी मिळून एक कूलर घेतला.
चूक इथंच झाली असं माझी बायको म्हणते.
मी म्हणतो, नाही. चूक पावतीवर झाली.

पावतीवर तिघांची नावं पाहिजेत, हा हट्ट धनराज हेडाऊचा.
गोळीबार चौकातला दुकानदार पेन थांबवून म्हणाला,
"भाऊ, कूलर घेऊन राहिले का प्लॉट?"

ठरलं होतं: दहा-दहा दिवस एकेकाकडे.
पण पहिले दहा कोणाचे?
हेडाऊची सासू भंडाऱ्याहून आलेली.
सुदाम बारापात्रेच्या पाठीवर घामोळ्या,
त्यानं भर दुकानात सदरा काढून दाखवल्या.
मी म्हटलं, मी वयानं मोठा.
साडेचार महिन्यांनी आहे, पण आहे.

ठेलेवाला दीड तास थांबला,
मग कूलरच्याच सावलीत झोपून गेला.
तेव्हा कोणीतरी म्हणालं,
"मग आपापला हिस्सा घ्या बे!"
कोण म्हणालं ते आजही कोणी कबूल करत नाही.
पाना मात्र मी मागितला.

पंखा-मोटर हेडाऊनं नेली.
वाळ्याच्या तिन्ही ताट्या सुदामनं.
मला टाकीसकट पत्र्याचा सांगाडा.
सगळ्यात मोठा हिस्सा मलाच आला,
या आनंदात मी ठेल्याचं पूर्ण भाडं दिलं.
पंपाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.
तो मी खिशात टाकला.

हेडाऊनं मोटर खुर्चीला नायलॉनच्या दोरीनं बांधली.
बटन दाबलं तशी खुर्ची चालायला लागली,
आणि सासूबाईंच्या मागं मागं
स्वयंपाकघरापर्यंत गेली.
हवा म्हणाल तर फुटाण्याच्या भट्टीची.
सुदामनं ताट्या भिजवून खिडकीला टांगल्या
आणि वाऱ्याची वाट पाहत बसला.
मे महिन्यात. नागपुरात.
घराला वास मात्र असा सुटला,
की शेजारचे सरबत मागायला आले.

मी टाकीत बसलो.
हसू नका. कमरेपर्यंत पाणी, हातात पेपर,
पाऊण तास मी या शहरातला सगळ्यात सुखी माणूस होतो.
मग उठताना पत्रा लागला. कुठं, ते विचारू नका.
मेयोतल्या डॉक्टरीणबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन भरता भरता विचारलं,
"कशानं झालं?"
म्हटलं, "कूलरनं."
त्यांनी तसंच लिहून घेतलं.

बाराव्या दिवशी तिघी बायका एकत्र आल्या.
कोणाला न विचारता मोटर उचलली, ताट्या उचलल्या,
माझ्या डोळ्यांदेखत सांगाडा नेला,
आणि सुदामच्या पडवीत अर्ध्या तासात कूलर उभा केला.
"पंप कुठाय हो?" बायकोनं विचारलं.
"कोणता पंप?" मी म्हणालो.

हे एक वाक्य.
पुढच्याच मिनिटाला मागं घेता आलं असतं.
दुसऱ्या दिवशी थोडं जड गेलं असतं.
आठवडा झाल्यावर तर
पंपाचं नुसतं नाव निघालं तरी
मला शौचाला जावं लागे.
पंप ट्रंकेत होता, लग्नातल्या कोटाच्या आत.

रात्री भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू यायचं.
पंप नाही तर नाही,
त्या पाळीपाळीनं तांब्यानं ताट्यांवर पाणी टाकायच्या
आणि आमच्याबद्दल बोलायच्या.
काय बोलायच्या ते नीट ऐकू येत नसे, हे बरं.

काल मनाचा हिय्या केला.
पंप रुमालात गुंडाळला, पायजम्याच्या खिशात घातला,
म्हटलं दारात ठेवायचा, मागं वळून बघायचं नाही.
तर दार सताड उघडं.
बायका आत गार हवेत घोरत पडलेल्या, सासूबाई धरून.
आणि कूलरमागं अंधारात, पायरीवर,
हेडाऊ आणि सुदाम,
मध्ये बादली, हातात तांब्या.

मला पाहून हेडाऊ सरकला.
"बस. अडीच वाजेपर्यंत तुझी पाळी."

बसलो.
खिसा मांडीला टोचत होता.
सुदाम हळूच म्हणाला,
"पंप नेणाऱ्याचं कधी भलं होणार नाही, पाहून घे."
"नाहीच होणार," मी म्हणालो,
आणि तांब्या भरून घेतला.